कालवांच्या मागे मागे : ह्यूस्टन ते बिलॉक्सी, पाच दिवस

हे सगळं सुरू झालं एका शब्दावरून. स्लाव्होनियन. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या डेस्कवर एक जुना फोटो असतो, तिचे पणजोबा आणि त्यांच्यासोबत दहाबारा मिशीवाली माणसं, सगळ्यांच्या छातीवर रिबिनीचा बिल्ला. मी विचारलं हे कोण, तर म्हणाली आमची स्लाव्होनियन सोसायटी. तिचं माहेर लुईझियानात एकदम टोकाला, जिथे मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिथे, आणि तिचे काका अजून कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, धंदा करतात. कालवं म्हटल्यावर मी घरी येऊन बाबांना सांगितलं, आणि बाबा देवगडचे, ते लगेच म्हणाले, कधी जायचं?

आई-बाबा हिवाळ्यात चार महिने आमच्याकडे आले होते. लेकीची परीक्षा होती म्हणून आई तिच्यासोबत थांबली, नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे मी आणि बाबा दोघंच. डिसेंबरचा दुसरा आठवडा. आम्ही बापलेक असे फक्त दोघं कुठे गेल्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

दिवस पहिला

सकाळी सहाला निघालो. न्यू ऑर्लिन्स साधारण ५६० किलोमीटर, आय-टेन एकच रस्ता, त्यात बघण्यासारखं म्हणजे अचाफलायाच्या दलदलीवरचा पूल, जवळजवळ २९ किलोमीटर नुसता पूल, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं आणि त्यांच्यावर राखाडी शेवाळ लोंबतंय. बाबा एवढा वेळ काहीच बोलले नाहीत, पूल संपल्यावर म्हणाले, एवढं गोडं पाणी समुद्रात जातं आणि तिथे कालवं होतात? हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता हे मला आता लिहिताना आठवतंय, कारण तिसऱ्या दिवशी सगळं ह्याच प्रश्नावर येऊन थांबलं.

रात्री जेवायला मेटरीला ड्रागोज मध्ये गेलो. ड्रागो त्स्वितानोविच हा डाल्मेशियातल्या इग्राने गावचा माणूस, म्हणजे आजच्या क्रोएशियाचा समुद्रकिनारा, त्याने आणि त्याच्या बायकोने १९६९ मध्ये हे हॉटेल काढलं. कालवं अर्ध्या शिंपल्यात ठेवून लसूण, बटर आणि चीज घालून जाळावर भाजायची ही आता अख्ख्या न्यू ऑर्लिन्सची झालेली डिश त्यांच्याकडे १९९३ मध्ये सुरू झाली. कतरीना वादळानंतर शहर रिकामं पडलेलं असताना ह्या लोकांनी लोकांना फुकट जेवण वाटलं होतं, हे तिथले लोक अजून सांगतात. बाबांनी एक डझन संपवली, चव छान म्हणाले, पण लोण्याखाली कालव कुठे सापडेना अशी त्यांची तक्रार होती. उद्या कच्चं खाऊ म्हटलं.

दिवस दुसरा

आज शहरातच. आधी स्लाव्होनियन ह्या शब्दाचा उलगडा करून टाकते कारण माझाही गोंधळ झाला होता. स्लाव्होनिया नावाचा भाग क्रोएशियात आहे खरा, पण तो पूर्वेला, आत, सपाट शेतीचा, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. इथे आलेले जवळजवळ सगळे डाल्मेशियाचे, किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे, मकारस्का, पेल्येशाट्स, ह्वार असल्या जागांचे. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणारे लोक दक्षिणेकडच्या कुठल्याही स्लाव्ह माणसाला सरसकट स्लाव्होनियन म्हणायचे, आणि ह्यांनीही ते नाव घेतलं. सरकारी कागदावर तर ते ऑस्ट्रियन होते कारण तेव्हा डाल्मेशिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. मग १९१८ नंतर युगोस्लाव झाले, मग १९९१ नंतर क्रोएशियन. मैत्रिणीने सांगितलं की आमच्या एकाच घरात पणजोबा ऑस्ट्रियन, आजोबा युगोस्लाव आणि बाबा क्रोएशियन, आणि तिघांचंही मूळ गाव एकच. संस्थेचं नाव मात्र तेच राहिलं, देश बदलत गेले तरी.

ती संस्था म्हणजे युनायटेड स्लाव्होनियन बेनेव्होलंट असोसिएशन, १८७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये स्थापन झाली आणि अजून चालू आहे. दीडशे वर्षं. बेनेव्होलंट म्हणजे आपल्या भाषेत परस्पर मदत मंडळ. महिन्याला वर्गणी भरायची, कोणी आजारी पडला तर संस्था बघणार, मेला तर संस्था अंत्यविधी करणार. सुरुवातीला आलेले बहुतेक एकटे पुरुष, बरेचसे जहाजावरचे खलाशी, न्यू ऑर्लिन्सला जहाज लागलं की उतरून परत न गेलेले. बायको-पोरं गावाकडे. असा माणूस पिवळ्या तापाने गेला तर त्याला पुरणार कोण? न्यू ऑर्लिन्समध्ये जमिनीखाली जरा खणलं की पाणी लागतं म्हणून जमिनीवर घरासारख्या कबरी बांधतात, आणि एकट्या गरिबाला ते कसं परवडणार, म्हणून तिथे अशा अनेक मंडळांच्या सामायिक कबरी आहेत, भिंतीत ओळीने खण, एकेका खणात एकेक सभासद. आम्ही एका जुन्या सेमेटरीत अशा बऱ्याच मंडळांच्या कबरी बघितल्या, इटालियन लोकांची, पोर्तुगीजांची. बाबा एका भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, आमच्या काकांची गावकीची खोली होती ना डिलाईल रोडला, अशीच. एका खोलीत वीस माणसं, ट्रंका भिंतीला, महिन्याची वर्गणी, आणि कोणी गेला तर मंडळ गावाला तार करायचं आणि खर्च करायचं. "मुंबयत मेलो तरी चार खांदे गावाचेच मिळतत," असं काका म्हणायचे म्हणे. हे मी कधी ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षांत बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही आणि सांगितलं ते लुईझियानातल्या स्मशानात.

लोक का आले ह्याची कारणंही ओळखीची वाटतात. खडकाळ किनारा, जमीन थोडी, पोरं जास्त, सैन्यात सक्तीची भरती. घरोघरी द्राक्षं आणि वाइन हेच उत्पन्न, आणि १८९१ च्या व्यापार कराराने ऑस्ट्रियाने इटलीच्या स्वस्त वाइनला दार उघडून दिलं, पाठोपाठ द्राक्षाच्या मुळांना खाणारा फायलोक्सेरा हा किडा आला आणि मळेच्या मळे गेले. मग जो आधी गेला होता त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला, असं करत गावंच्या गावं एका ठरावीक ठिकाणी जाऊन बसली.

दुपारी फ्रेंच क्वार्टरमध्ये फिरताना रॅम्पार्ट स्ट्रीट आणि टूलूझच्या कोपऱ्यावरून गेलो. पी अँड जे ऑयस्टर कंपनीचा हा पत्ता. १८७६ साली जॉन पोपिच ह्या क्रोएशियन माणसाने सुरू केलेला धंदा, पी म्हणजे पोपिच आणि जे म्हणजे त्याचा भागीदार जुरिसिच. मूळ आडनाव पोपिच् असं शेवटी मऊ च चं, इंग्रजीत ते सी-एच लावून लिहायला लागले, त्यामुळे इथे आडनावाच्या शेवटी इच दिसलं की समजायचं. २०१० मध्ये समुद्रात तेलाची विहीर फुटली, अकरा माणसं गेली आणि ८७ दिवस तेल वाहत होतं, तेव्हा जूनमध्ये ह्या कंपनीला कालवं फोडायचं काम थांबवायला लागलं होतं. १३४ वर्षं चालू असलेलं काम. तिथे उभं राहून बघण्यासारखं तसं काही नाही, एक साधी इमारत, पण मला उभं राहावंसं वाटलं.

संध्याकाळी कच्ची कालवं. बाबांनी लिंबू पिळलं, सॉस बाजूला सारला, एक खाल्लं आणि डोळे मिटले. "खारट असा," एवढंच म्हणाले. चांगल्या अर्थाने.

दिवस तिसरा

हा दिवस खरा. ह्याच्यासाठीच सगळा प्रवास होता.

सकाळी नदी ओलांडून बेल चेस आणि तिथून हायवे २३, सरळ दक्षिणेला. नकाशात बघितलं तर प्लॅकमिन्स पॅरिश (पॅरिश म्हणजे इथला जिल्हा) म्हणजे समुद्रात घुसलेलं एक बोट आहे, मधून मिसिसिपी आणि दोन्ही काठांना जमिनीची अरुंद पट्टी. प्रत्यक्षात नदी दिसतच नाही. डाव्या हाताला नदीचा बांध, उजव्या हाताला मागच्या खाजणाचा बांध, आणि मधे रस्ता, घरं, संत्र्याच्या बागा. बांधाच्या वरून अचानक एखाद्या मोठ्या जहाजाचा वरचा मजला सरकत जाताना दिसतो, आपल्या डोक्याच्या वर जहाज, हे बघून बाबा दोनदा म्हणाले गाडी थांबव. डिसेंबर असल्याने रस्त्याकडेला सत्सुमा विकायला होती, पातळ सालीची संत्री, एक पिशवी घेतली आणि दिवसभर खाल्ली. घरं बरीचशी उंच खांबांवर, चार-पाच मीटर उंच, खाली गाड्या आणि बोटी. २९ ऑगस्ट २००५ ला कतरीना ह्याच रस्त्यावरच्या ब्युरास गावाजवळ जमिनीवर आलं. एम्पायरला तर मासेमारीच्या मोठमोठ्या बोटी हायवेवर येऊन पडल्या होत्या. अजूनही मधे मधे नुसते जोते दिसतात, पायऱ्या आहेत आणि वर घर नाही.

मैत्रिणीचे काका एम्पायरच्या धक्क्यावर भेटले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हात इतके रुंद की माझा हात त्यात दिसेना झाला. मी आधीच मैत्रिणीकडून दोन शब्द शिकून गेले होते, काको स्ते म्हणजे कसे आहात, ते ऐकून म्हातारा एवढा हसला आणि म्हणाला ताको ताको, म्हणजे चाललंय असंच. मग त्यांनीच सांगितलं की ह्या भागातले बाकीचे लोक आम्हाला टोको म्हणायचे, कारण दोन डाल्मेशियन भेटले की एक विचारणार काको स्ते आणि दुसरा म्हणणार ताको. मी विचारलं राग नाही यायचा? म्हणाले पूर्वी यायचा, शाळेत मारामारी व्हायची, आता म्हणणारंच कोणी उरलं नाही.

त्यांची बोट सपाट, रुंद, पुढच्या भागात लोखंडी दात असलेली मोठी जाळी, ड्रेज म्हणतात, साखळीने तळावर ओढायची. आधीच्या पिढ्या हे हाताने करायच्या, दोन लांब दांड्यांचा चिमटा, टोकाला दाताळं, होडीत उभं राहून दिवसभर उचलायचं. तो चिमटा काकांच्या शेडमध्ये भिंतीला टांगलेला आहे, त्यांच्या वडिलांचा. बाबांनी विचारून उचलून बघितला आणि खाली ठेवला. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय म्हणून मी पुढे झाले, तर काकांनी मला हाताने थांबवलं, राहू दे, उचलू दे त्याला.

आता ह्या कामाचं मला काय कळलं ते सांगते, कारण मला वाटत होतं की हे लोक समुद्रातून कालवं काढतात. तसं नाही. ते कालवं पेरतात. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत असतं आणि त्याला चिकटायला काहीतरी कडक लागतं, ह्या दलदलीत तर नुसता चिखल, म्हणून आधी तळावर जुने शिंपले नाहीतर चुनखडीचे दगड टाकायचे. त्यावर पिल्लं बसतात. नदीच्या पूर्वेला सरकारी राखीव तळ आहेत, तिथून छोटी बियाण्याची कालवं उचलायची, बोटीत भरून पश्चिमेला आणायची आणि आपल्या खाजगी तळावर पसरायची. तळ सरकारचा, भाडेपट्टा ह्यांच्याकडे, एकरावर, बापाकडून मुलाकडे चालत आलेला. मग वाट बघायची. दोन-तीन वर्षांत कालव तीन इंचांचं होतं, तेव्हा काढायचं, त्याहून लहान विकता येत नाही. आणि त्यात पाण्याचा खारटपणा नेमका लागतो. जास्त खारं झालं की शिंपल्याला भोक पाडून आतलं खाणारी एक गोगलगाय येते, रोग येतात. जास्त गोडं झालं की कालव मरतं. नदी वर आली, खाली गेली, वारा कुठला, पाऊस किती, हे सगळं डोक्यात ठेवून बियाणं ह्या तळावरून त्या तळावर हलवत राहायचं.

मी हे इंग्रजीतून ऐकून बाबांना मराठीत सांगत होते आणि सांगता सांगता बाबांनी मला मधेच थांबवलं. "ही शेतीच असा गो," म्हणाले. लावणीच आहे ही, तरवा काढून दुसरीकडे लावायचा तसं. मी काकांना भाताची लावणी समजावली, ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि मग म्हणाले, माझे आजोबा गावाला द्राक्षांची कलमं लावायचे, त्यांनी कालव कधी लावलं नव्हतं, इथे येऊन शिकले. म्हणजे शेतकऱ्याच्या नजरेने समुद्र बघितला त्यांनी. मला हे फार मोठं वाटलं. आपण वारसा म्हटलं की नाच, कपडे, गाणी असं शोधत बसतो, आणि इथे वारसा पाण्याखाली आहे, चार-पाच फुटांवर, वरून काहीच दिसत नाही. फक्त काठ्या उभ्या रोवलेल्या, हद्द दाखवायला.

बाबांनी मग आमच्याकडचं सांगितलं. ओहोटीला बायका कोयती घेऊन खडकावर जातात, वाकून कालवं फोडतात, वाटा करून बाजारात विकतात, आजी जायची, पायाला कायम कापलेलं असायचं. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरलं की कालवं पाणचट लागतात हेही सांगितलं. ह्यावर काका एकदम गप्प झाले आणि मग जे बोलायला लागले ते पुढचा तासभर.

त्यांचं म्हणणं असं. लुईझियानाने १९३० च्या दशकापासून सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर जमीन समुद्राला दिली. बांध घातले त्यामुळे नदीचा गाळ खाजणात येईना, वर तेल कंपन्यांनी कालवे खणले, जमीन खचते, समुद्र चढतो. ह्यावर उपाय म्हणून सरकारने ठरवलं की बांधात दार करायचं आणि नदीचं गढूळ पाणी बाराटारिया खाडीत सोडायचं, गाळ बसेल, जमीन तयार होईल. तेलगळतीच्या भरपाईच्या पैशातून तीन अब्ज डॉलरच्या आसपासचा प्रकल्प, ऑगस्ट २०२३ मध्ये कामाला सुरुवात झाली. पण त्या पाण्याने कालवं मरणार, कारण ते गोडं. मच्छीमार विरोधात उभे राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, खर्च वाढत गेला आणि जुलै २०२५ मध्ये राज्याने प्रकल्पच रद्द केला. मी म्हटलं म्हणजे तुम्ही जिंकलात. काकांनी मान हलवली. म्हणाले, शास्त्रज्ञ खोटं बोलत नव्हते, जमीन जातेच आहे, माझ्या लहानपणी जिथे आम्ही गाई बांधायचो तिथे आता मी बोट लावतो. पण माझा तळ मेला तर माझ्या नातवाला मी काय देऊ. दोन्ही खरं आहे असं ते म्हणाले. मला ह्यात कोणाची बाजू घ्यावी कळत नाही, तेव्हाही कळलं नाही, पण एवढं मला पक्कं वाटतं की ज्याचा तळ जाणार त्याला आधी विचारायला हवं आणि नीट भरपाई द्यायला हवी, मग ती धरणाची जमीन असो की खाडीचा तळ.

जेवण त्यांच्या घरी, शिडी चढून वर. काकूंनी कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून शिजवलेला सार्मा केला होता, आणि कालवांचा टोमॅटोतला रस्सा. भिंतीवर सेंट निकोलस, खलाशांचा राखणदार. गावाच्या चर्चचा फोटो, त्याच्या खाली नातवाचा फुटबॉलचा फोटो. काका गावाला दोनदाच गेलेत. तिथे पेल्येशाट्सच्या मुळाशी माली स्तोन म्हणून खाडी आहे, तिथे दोरीला बांधून पाण्यात लोंबती कालवं वाढवतात, चपटी, गोल, वेगळीच जात. ती बघून ते तिथल्या चुलत भावाला म्हणाले, तुमची कालवं आरामात झोके घेतात, आमची चिखलात कष्ट करतात. त्यांचा मुलगा तेलाच्या कंपनीत आहे. नातू मात्र सुट्टीत बोटीवर येतो.

त्यांनी आणखी जुन्या दिवसांचं सांगितलं, की आजोबा आणि त्यांचे सोबती महिनोन्महिने खाजणात खांबावरच्या झोपडीत राहायचे, पिण्याला पावसाचं पाणी, आठवड्याने शिडाच्या होडीतून माल न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराला. १ ऑक्टोबर १८९३ च्या रात्री जे वादळ आलं त्यात अशा झोपड्यांतली कितीतरी माणसं एका रात्रीत गेली. नदीच्या पूर्व काठावर ऑस्ट्रिका नावाची जागा आहे, त्यांच्या भाषेतल्या कालवाच्या शब्दावरून पडलेलं नाव, आता तिथे वस्ती म्हणावं असं काही राहिलेलं नाही, बोटी जायला लॉक, म्हणजे पाण्याचं दार, होतं तेवढंच.

निघताना धक्क्यावर शिंपल्यांचा घराएवढा ढीग. बाबांनी एक शिंपला उचलून खिशात घातला, देवगडला न्यायला. काका म्हणाले घेऊन जा, पण सांगितलं की हे सगळे परत पाण्यात जाणार, ह्यांच्यावरच पुढची पिल्लं बसणार, आता तर न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांतून शिंपले गोळा करून समुद्रात टाकायची योजना आहे, २०१४ पासून. हे ऐकून बाबांनी खिशातला शिंपला काढला आणि ढिगावर ठेवला. काकांनी काही म्हटलं नाही. त्यांनी मग आम्हाला बर्फाच्या पेटीत तीन डझन कालवं भरून दिली, पैसे घेईनात, आणि एक बोथट जाड पात्याची सुरी दिली कालवं उघडायला. म्हणाले सध्या नदी खाली आहे, त्यामुळे माल चांगला खारट आहे, मीठ घालू नका.

तिथून वीस मिनिटांवर व्हेनिस, रस्ता संपतो ती जागा. फक्त जाऊन आलो.

दिवस चौथा

बिलॉक्सी, मिसिसिपी राज्य, न्यू ऑर्लिन्सहून दीड तास. वाटेत पाऊस.

इथेही तेच लोक, तीच बेटं, पण गोष्ट वेगळी. प्लॅकमिन्समध्ये माणूस आपल्या होडीचा मालक होता, इथे कारखाना होता. १८८१ मध्ये पहिला डबाबंद कोळंबी-कालवांचा कारखाना निघाला आणि मग एकामागून एक. पॉइंट कॅडेट नावाच्या टोकावर कारखान्यांच्याच मालकीची घरं, त्यात डाल्मेशियन कुटुंबं, शेजारी लुईझियानातून आलेले फ्रेंच बोलणारे केजन. माल आला की पहाटे भोंगा व्हायचा, प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा, आपला कुठला ते बायकांना झोपेत कळायचं. पुरुष बोटीवर, बायका आणि पोरं कालवं फोडायला आणि कोळंबी सोलायला. १९११ मध्ये लुईस हाइनने इथल्या कामगार मुलांचे फोटो काढले, पाच-सहा वर्षांची पोरं शिंपल्यांच्या ढिगासमोर उभी. भोंगा म्हटल्यावर बाबा पुन्हा डिलाईल रोडला गेले. बाबांच्या त्या काकांचं आयुष्य भोंग्यावर गेलं.

हे सगळं मेरीटाइम अँड सीफूड इंडस्ट्री म्युझियममध्ये बघायला मिळतं. जुनी इमारत कतरीनाने पुसून टाकली, नवीन २०१४ मध्ये उघडली. त्यांच्याकडे जुन्या धाटणीच्या दोन शिडाच्या बोटी आहेत, त्यातल्या एकीचं नाव माईक सेकुल, आडनाव आपल्या ओळखीचं, डाल्मेशियन. ते बघून मग आडनावं दिसायलाच लागली. बेटावर फिरायला नेणाऱ्या बोटी स्कर्मेटा कुटुंबाच्या, १९२६ पासून. गावातलं सगळ्यात नावाजलेलं मेरी महोनीज हॉटेल, नाव आयरिश पण मेरी माहेरची त्स्वितानोविच.

सेंट मायकल चर्च मला फार आवडलं, १९६४ चं, गोल, आणि छप्पर शिंपल्यासारखं पन्हाळ्या पन्हाळ्यांचं. मच्छीमारांचं चर्च म्हणतात. दर वर्षी बोटी सजवून पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, १९२९ पासून. नारळी पौर्णिमाच, बाबा म्हणाले. आता त्या बोटींवर व्हिएतनामी नावंही बरीच दिसतात, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून ते आले आणि जे काम डाल्मेशियन नातवंडांनी सोडलं ते त्यांनी उचललं. एका चहाच्या दुकानात बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, आमच्या आयांना इंग्रजी येत नव्हतं, ह्यांच्या आयांना येत नव्हतं, फरक काय. 

स्लाव्होनियन लॉज, म्हणजे इथलं मंडळ, १९१३ चं, सेंट निकोलसच्याच नावाचं. आम्ही गेलो तेव्हा उघडं होतं ह्याचं कारण पुशराटा. ख्रिसमसच्या आधी लॉजच्या बायका जमून हे हजारोंनी तळतात. पिठात सफरचंद, संत्र्याची साल, मनुका, पेकनचे तुकडे घालून लिंबाएवढे गोळे तेलात सोडायचे आणि वरून साखरेचा पातळ पाक. डाल्मेशियात फ्रितुले किंवा प्रुशुराते म्हणतात तेच. तिकडे आता छोटे छोटे करतात आणि वर पिठीसाखर भुरभुरवतात, इथे मोठे राहिलेत आणि पाकातले. मी तिथल्या एका मावशींना विचारलं कृती कोणाची, तर म्हणाल्या सासूची, पण सासूने मोजून कधी सांगितलं नाही, पीठ चमच्यावरून असं पडलं पाहिजे, आणि हवेत हात हलवून दाखवला. ह्या मावशी स्वतः आयरिश घरातल्या, लग्न करून आलेल्या, चाळीस वर्षं पुशराटा तळतायत. क्रोएशियन भाषा त्यांच्यापैकी कोणालाच येत नाही, मी काको स्ते म्हटलं तर कोणी ओळखलं नाही. मला आधी वाईट वाटलं. पण बाजूला एक बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी होती आणि मावशींनी तिच्या हातातला चमचा धरून पीठ कसं सोडायचं ते दाखवलं, न बोलता, आणि मुलीने सोडलेला पहिला गोळा वाकडा झाला, दुसरा नीट झाला.

बाबांनी सहा खाल्ले. गुलगुलेच, फक्त श्रीमंत, असं त्यांचं मत.

दिवस पाचवा

परतीचे सातशे किलोमीटर. बाबा झोपले, मधेच उठून पेटीतला बर्फ बघायचे, दोनदा पेट्रोल पंपावर नवीन बर्फ घेतला.

रात्री नऊला पोचलो. मी म्हटलं उद्या करू, पण आई म्हणाली कालवं काय उद्यापर्यंत ठेवायची असतात होय. बाबा गॅरेजमध्ये पाटावर बसले, काकांची सुरी घेऊन, बिजागरीकडून पातं घालून फिरवायचं असं त्यांनी दाखवलं होतं तसं, आणि लेक टॉर्च धरून बघत होती. पहिलं उघडायला पाच मिनिटं लागली, मग हात बसला. आईने कांदा, आलं-लसूण, आमसूल, मालवणी मसाला घालून सुकं केलं. आम्ही दोघांनी पेटीतून माल काढण्याच्या आणि सांगण्याच्या गडबडीत मिठाचं सांगायचं विसरलो आणि आईने नेहमीसारखं अंदाजाने मीठ घातलं.

पहिला घास घेऊन सगळे थांबले. आई म्हणाली, अगो बाई, एवढं कसं खारट झालं, मी तर नेहमीएवढंच घातलं.

"नदी खाली असा सध्या," बाबा म्हणाले, आणि आणखी भात वाढून घेतला.